कंपनी सरकारचे भागधारक आणि साताऱ्याचा खटला

कामगार चळवळीत हयात घालविलेल्या माणसाने कंपन्यांच्या भागधारकांविषयी बोलावयाचे ठरविले, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. आमची जागा कारखान्याच्या दाराबाहेर; भागधारकांची सभा भरते ती आतल्या दालनात. परंतु दाराबाहेर उभे राहून आम्ही आजवर एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारीत आलो : कारखाना चालविणाऱ्यांना जाब विचारण्याचा अधिकार कोणाचा? हाच प्रश्न आतल्या दालनात मागच्या खुर्चीवर बसलेल्या लहान भागधारकालाही पडत असतो. त्याने पैसा दिलेला असतो, त्याला मत असते, कायद्याने तो मालकांपैकी एक असतो. तरीही सभा संपते तेव्हा सगळे ठराव व्यासपीठावरच्या मंडळींच्या मनाप्रमाणे मंजूर झालेले असतात. असे का होते, हे शोधण्यासाठी आम्ही वाचनालयातली जुनी पुस्तके चाळू लागलो, आणि हा शोध लंडनमधून निघून थेट साताऱ्याला येऊन पोहोचला.

ईस्ट इंडिया कंपनी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे क्लाइव्ह, वेलस्ली, डलहौसी उभे राहतात. शाळेच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात. कंपनीचा कारभार कसा चाले हे मात्र सहसा नसते. ३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळालेली ही कंपनी अखेरपर्यंत भागधारकांची कंपनी होती. १७०९ मध्ये दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एक झाल्या. या एकत्रित कंपनीचा नियम असा होता की, ज्याच्या नावावर पाचशे पौंडांचे भाग असतील त्याला एक मत. पन्नास हजार पौंडांचे भाग असले तरी मत एकच. चोवीस संचालक दरवर्षी एप्रिलमध्ये निवडले जात. लंडनमध्ये लीडनहॉल स्ट्रीटवरच्या कचेरीत भागधारकांची सभा वर्षातून चार वेळा भरे, आणि नऊ मतदार भागधारकांनी लेखी मागणी केली तर खास सभा बोलवावी लागे. मतदारांत स्त्रिया होत्या, परदेशी लोक होते; धर्माचीही आडकाठी नव्हती. ज्या काळी इंग्लंडच्या पार्लमेंटसाठी बहुसंख्य पुरुषांना मत नव्हते आणि स्त्रियांना तर मुळीच नव्हते, त्या काळची ही गोष्ट आहे.

पाचशे पौंड ही काही गरिबाच्या गाठीची रक्कम नव्हे. इंग्लंडमधल्या मजुराने जन्मभर राबूनही ती साठली नसती. तेव्हा येथे ‘लहान’ म्हणावयाचे ते पैसेवाल्यांतले लहान, एवढे ध्यानात ठेवावे. तथापि पैसेवाल्यांतल्या लहानांनाही मोठ्यांच्या बरोबरीचे मत देणारा हा नियम होता, आणि कागदावर तो चांगला नियम होता. कागदावरच्या चांगल्या नियमाला पहिला धक्का कोठून बसतो, हे आता पाहू.

क्लाइव्ह बंगालमधून अफाट संपत्ती घेऊन परतला होता. शिवाय मीर जाफरने त्याला दिलेल्या जहागिरीचे वर्षाला सुमारे सत्तावीस हजार पौंड त्याला मिळत, आणि ते कंपनीला भरावे लागत. संचालकांचा पुढारी लॉरेन्स सुलिव्हन याच्याशी त्याचे वैर जडले. १७६३ च्या निवडणुकीत सुलिव्हनला पाडण्यासाठी क्लाइव्हने एक लाख पौंडांचे भाग घेतले आणि पाचशे-पाचशेचे तुकडे करून आपल्या माणसांच्या नावांवर चढविले. एका माणसाच्या पैशातून दोनशे ‘लहान भागधारक’ जन्माला आले! सुलिव्हनच्या बाजूनेही तोच उद्योग चालला होता. त्या वर्षी क्लाइव्ह हरला आणि संचालकांनी त्याच्या जहागिरीचे पैसे अडविले. पुढल्या वर्षी बंगालमधून लढाईची वार्ता आली, तेव्हा भागधारकांच्या सभेने त्यालाच पुन्हा तिकडे पाठविण्याचे ठरविले आणि जहागीर दहा वर्षांसाठी कायम झाली.

मते उसनी घेण्याची ही कला आम्हाला अपरिचित नाही. निवडणुकीच्या तोंडावर पावत्या फाडून रातोरात सभासद वाढविण्याचे प्रकार कामगार संघटनांतही आम्ही पाहिले आहेत. म्हणूनच अमुक महिन्यांची वर्गणी भरलेली असेल त्यालाच मत, असे कलम शहाण्या संघटना आपल्या घटनेत घालतात. इंग्लंडच्या पार्लमेंटनेही १७६७ मध्ये तेच केले : सहा महिने भाग जवळ असल्याशिवाय मत नाही. १७७३ मध्ये ही मुदत बारा महिन्यांची झाली.

परंतु मत खरे असले म्हणजे ते सत्कारणीच लागते असे नाही. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीच्या हाती आली आणि लंडनमध्ये लाभांशाची तहान वाढली. सप्टेंबर १७६६ मध्ये संचालक ‘थांबा’ म्हणत असताना भागधारकांच्या सभेने लाभांश सहा टक्क्यांवरून दहावर नेला. १७६७ च्या मे महिन्यात साडेबारा टक्क्यांचा ठराव झाला, तेव्हा पार्लमेंटला कायदा करून दहाची मर्यादा घालावी लागली. संचालकांना नमवून भागधारकांनी मिळविलेला हा विजय होता. पण तो कोणाच्या जिवावर? १७७० च्या दुष्काळात बंगालमधील एक तृतीयांश माणसे मेली असा अंदाज खुद्द वॉरन हेस्टिंग्जने केला. सारा मात्र वसूल होत राहिला. ज्यांच्या सार्‍यातून लाभांश निघावयाचा, त्या रयतेपैकी एकालाही लीडनहॉल स्ट्रीटच्या सभेत मत नव्हते. भागधारकांच्या लोकशाहीचे गोडवे गाताना ही गोष्ट आम्ही कधी विसरू इच्छीत नाही.

१७७२ मध्ये कंपनीची तिजोरी रिकामी झाली आणि सरकारकडे हात पसरावा लागला. सरकारने चौदा लाख पौंडांचे कर्ज दिले आणि १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने कंपनीची घटना बदलली. आता एका मतासाठी पाचशेऐवजी हजार पौंड लागू लागले. तीन हजारांना दोन मते, सहा हजारांना तीन, दहा हजारांना चार. बाराशेहून अधिक लहान भागधारकांचे मत एका फटक्यात गेले. संचालकांची मुदत एका वर्षावरून चार वर्षांची झाली. दरवर्षी चोवीसांपैकी सहाच जागांची निवडणूक. कारण सांगितले गेले ते सुधारणेचे : लहान भागधारकांची मते विकली जातात, म्हणून ती काढून घ्या. वस्तुतः मते फोडणारे मोठे होते, आणि शिक्षा झाली ती लहानांना. गैरप्रकार थांबविण्यासाठी बारा महिन्यांची अट पुरेशी होती. मताची किंमत दुप्पट करण्याचे कारण नव्हते.

भागधारकांच्या सभेचा दुसरा हक्क गेला तो १७८४ मध्ये. त्याची हकीकत अशी. वॉरन हेस्टिंग्जला परत बोलवावे असा ठराव १७८२ मध्ये पार्लमेंटने केला, संचालकांनीही तसे ठरविले; परंतु भागधारकांच्या सभेने ४२८ विरुद्ध ७५ मतांनी तो निर्णय फिरविला. एका खासगी सभेने पार्लमेंटची इच्छा धुडकावावी हे राज्यकर्त्यांना कसे रुचावे? पिटच्या १७८४ च्या कायद्याने सरकारचे नियंत्रण मंडळ आले, आणि या मंडळाने मान्य केलेला संचालकांचा निर्णय भागधारकांना यापुढे रद्द करता येणार नाही असे ठरले. हेस्टिंग्जचा कैवार घेणाऱ्या सभेविषयी आम्हाला प्रेम नाही. पण या कायद्यानंतर सभेचे काय उरले ते पाहा : बोलण्याचा हक्क राहिला, निर्णय फिरविण्याचा गेला.

तिसरी गोष्ट कायद्यात लिहिलेली नव्हती. ती नोकऱ्यांच्या वाटपात होती. हिंदुस्थानातील मुलकी आणि लष्करी जागांवर तरुणांची नेमणूक करणे संचालकांच्या हाती असे. ज्याला आपला मुलगा किंवा पुतण्या कलकत्त्याला किंवा मुंबईला चिकटवावयाचा असे, तो भागधारक संचालकांविरुद्ध हात वर करण्यापूर्वी दहादा विचार करी. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात या दुखण्यावर नेमके बोट ठेवले होते : पुष्कळ लोक कंपनीचे भाग घेतात ते लाभांशापेक्षा नेमणुकांवर वजन पडावे म्हणून. संचालकांनी एकमेकांत ठरविलेली यादीच निवडणुकीत बहुधा जशीच्या तशी निवडून येई. दिलेल्या मुदतीनंतर संचालक एक वर्ष घरी बसत आणि पुन्हा त्याच यादीतून परतत.

अशा या सभेपुढे महाराष्ट्रातला एक माणूस न्याय मागण्यासाठी जाऊन उभा राहिला.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर पुन्हा बसविले आणि १८१९ मध्ये तह केला. पुढे त्यांच्यावर आरोप आले : गोव्याच्या पोर्तुगीजांशी कारस्थान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान, आणि कंपनीच्या पलटणीतील शिपायांना फितविणे. महाराजांनी ते नाकारले आणि उघड चौकशी मागितली. तशी चौकशी न होताच सप्टेंबर १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कार्नाक याने त्यांना गादीवरून काढून काशीला पाठविले. हा कार्नाक कोण? गव्हर्नर होऊन येण्यापूर्वी तो लीडनहॉल स्ट्रीटला कंपनीच्या संचालकमंडळाचा अध्यक्ष होता. ज्यांच्याकडे दाद मागावयाची, त्यांचाच कालपरवापर्यंतचा पुढारी हा मूळ निर्णय देणारा होता. कारखान्यात मॅनेजरविरुद्धची तक्रार फिरून मॅनेजरच्याच टेबलावर यावी, तसाच हा प्रकार.

महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ अखेरपर्यंत तेथे चिकाटीने लढत राहिले. संचालकांचे दार बंद झाल्यावर त्यांच्या बाजूच्या मंडळींनी भागधारकांच्या सभेचे दार ठोठावले. जोसेफ ह्यूम हा पार्लमेंटमधला जहाल सभासद त्यांत होता. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम हे त्याचेच चिरंजीव. गुलामगिरीविरुद्ध व्याख्याने देऊन नाव मिळविलेला जॉर्ज टॉम्सन हाही कंपनीचा भागधारक होता आणि साताऱ्याची बाजू त्या सभेत त्याने वारंवार मांडली. १८४० नंतरच्या दशकात लीडनहॉल स्ट्रीटच्या त्या दालनात साताऱ्याचे नाव इतक्या वेळा निघाले की संचालकांना त्याचा वीट आला असला पाहिजे.

या लढाईचे एक वैशिष्ट्य आम्हाला मोठे वाटते. १८३३ च्या सनदी कायद्याने कंपनीचा व्यापार संपला होता आणि भागधारकांचा लाभांश साडेदहा टक्क्यांवर कायम झाला होता. साठ लाख पौंडांच्या भांडवलावर वर्षाला सहा लाख तीस हजार पौंड. तेही हिंदुस्थानच्या महसुलातून. साताऱ्याला न्याय मिळाला काय किंवा न मिळाला काय, भागधारकाच्या खिशात एक पेनीही कमी-जास्त होणार नव्हती. म्हणजे टॉम्सन आणि ह्यूम आपले मत वापरीत होते ते आपल्या लाभासाठी नव्हे. आपल्या नावाने चाललेल्या कारभाराची जबाबदारी आपल्यावरही आहे, या जाणिवेने. लाभांशासाठी बंगालकडे पाठ फिरविणारी १७६७ ची सभा आणि ही सभा, दोन्ही एकाच कंपनीच्या. मत तेच, ते कशासाठी वापरले यात सगळा फरक.

ठराव मात्र हरत गेले. हरणारच होते. हजार पौंडांखालचा भागधारक १७७३ मध्ये बाहेर गेला होता. आत उरले त्यांतल्या पुष्कळांची नजर नोकऱ्यांवर होती. आणि ठराव जिंकले असते तरी १७८४ च्या कायद्यामुळे तो निर्णय फिरला नसता. फार तर संचालकांची आणि सरकारची नामुष्की झाली असती. तीन वेळा तीन तऱ्हांनी जे हिरावून घेतले गेले होते, त्याची किंमत साताऱ्याने मोजली. १८४७ मध्ये प्रतापसिंह महाराज काशीलाच वारले. त्यांच्या जागी बसविलेले त्यांचे बंधू शहाजी १८४८ च्या एप्रिलमध्ये निवर्तले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले. हेन्री सेंट जॉर्ज टकर यांच्यासारख्या काही संचालकांनी या खालसाविरुद्ध आपले मत नोंदविले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मग ही सारी वर्षे फुकट गेली काय? आम्हाला तसे वाटत नाही. सभांतून आणि पार्लमेंटमधून सतत प्रश्न होत गेले म्हणून साताऱ्याच्या प्रकरणाचे दप्तर बाहेर आले. १८४३ मध्ये ते पार्लमेंटपुढे छापून ठेवावे लागले. जे बंद कपाटात सडावयाचे ते कागद आज इतिहासकाराला वाचता येतात. अल्पमतात असलेला माणूस ठराव जिंकू शकत नसेल, पण तो उत्तर देण्यास भाग पाडू शकतो, आणि उत्तर लेखी असले म्हणजे ते टिकते. संपात हरलेल्या कामगारांनाही हा अनुभव आहे. रंगो बापूजी रिकाम्या हातांनी परतले. १८५७ च्या उठावात साताऱ्याला जी माणसे मारली गेली त्यांत त्यांचा मुलगा होता. ते स्वतः इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. भागधारकांच्या सभेत अर्ज करून न्याय मिळतो या विश्वासाची कसोटी एका घराण्याने किती पाहावी? १८५८ मध्ये कंपनीचे राज्य गेले. भागधारकांचे मात्र काही गेले नाही. १८७४ मध्ये कंपनी गुंडाळली तेव्हा शंभर पौंडांच्या भागाला दोनशे पौंड, असा त्यांच्या पैशाचा हिशेब ठरलेला होता.

हिंदुस्थानात ज्या कंपन्या निघाल्या त्यांतही हेच दुखणे निराळ्या रूपाने आले. मुंबईच्या गिरण्या भागभांडवलावर उभ्या राहिल्या, पण त्या चालवीत मॅनेजिंग एजंट. एजन्सीचा करार कंपनीच्या घटनेतच दीर्घ मुदतीसाठी लिहिलेला असे. भागधारकांनी हात वर करून एजंटाला काढावे अशी सोय नसे. सुरुवातीच्या अनेक गिरण्यांत एजंटाचे कमिशन सुताच्या दर पौंडामागे पाव आणा असे. गिरणी नफ्यात असो वा तोट्यात, सूत निघाले की एजंटाचा पाव आणा ठरलेला! तोटा भागधारकाने सोसावा आणि पगारकपात कामगाराने. दोघे एकाच घरचे बळी. पण एकमेकांची ओळख कधी झाली नाही. १९३६ च्या दुरुस्तीने एजन्सीला वीस वर्षांची मर्यादा पडली, १९५६ च्या कायद्याने बंधने कडक झाली, आणि ३ एप्रिल १९७० पासून ही पद्धतच बंद झाली.

आजच्या कायद्याने लहान भागधारकाला बरेच दिले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या वीस हजार रुपये किंवा त्याहून कमी दर्शनी किमतीच्या भागधारकांना आपला एक संचालक निवडता येईल असे कलम आहे. त्यासाठी हजार जणांनी, अथवा अशा भागधारकांच्या एक दशांशांनी, जी संख्या कमी असेल तितक्यांनी, नोटीस द्यावी लागते. खास ठरावाला विरोधी मतांच्या तिप्पट मते लागतात, म्हणून पंचवीस टक्क्यांहून थोडा अधिक विरोधही तो अडवू शकतो. २०१४ च्या जुलै महिन्यात टाटा मोटर्सच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वेतनाचे ठराव भागधारकांनी असेच अडविले होते. पुढल्या वर्षी व्यवस्थापनाला ते पुन्हा समजावून सांगून मांडावे लागले, तेव्हा ते मंजूर झाले. मतदान आता घरबसल्या करता येते. मुंबईला सभेला जाण्याचा खर्च हे कारण उरलेले नाही.

परंतु साताऱ्याच्या खटल्याने शिकविलेले तीन प्रश्न आजही विचारले पाहिजेत. मत खरे आहे की उसने? मतदार ज्यांचा न्याय करावयाचा त्यांच्याच मेहेरबानीवर आहे काय? आणि सभेचा निर्णय बांधणारा आहे, की नुसता ऐकून सोडून देण्याचा? हजार लहान भागधारक एकत्र करून नोटीस देण्याचे कलम पुस्तकात आहे. पण विखुरलेले हजार जण एकत्र करावयाचे कोणी? हे काम संघटनेचे आहे, आणि संघटना कशी बांधतात हे कामगाराला ठाऊक आहे.

येथेच कामगार आणि भागधारक यांची गाठ पडते. २०१५ पासून कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीतील काही भाग ईटीएफ नावाच्या योजनांतून शेअर बाजारात गुंतविला जातो. म्हणजे कारखान्याच्या दाराबाहेर उभा असलेला कामगार, त्याला पत्ता नसताना, आतल्या दालनातला भागधारक झाला आहे. त्याच्या पैशातून घेतलेल्या भागांची मते मात्र तो देत नाही. ती योजना चालविणाऱ्या संस्था देतात. म्युच्युअल फंडांनी मते दिलीच पाहिजेत आणि कशी दिली ते जाहीर केले पाहिजे, असा नियम सेबीने केला आहे. तो कामगाराच्या उपयोगी यावयाचा तर ते कागद वाचणारी आणि प्रश्न विचारणारी माणसे हवीत. बंगालच्या रयतेला मत नव्हते, साताऱ्याच्या वकिलाला बहुमत नव्हते. आपल्याजवळ थोडेसे दोन्ही आहे.

तेव्हा या व्याख्यानमालेला येणाऱ्या मंडळींना आमची एक साधी विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या नावावर कोठल्या ना कोठल्या कंपनीचे दहा-वीस भाग असतील. वार्षिक सभेची नोटीस येते ती न वाचता बाजूला टाकू नये. त्यातला अधिकाऱ्यांच्या वेतनाचा ठराव, संचालकांच्या फेरनेमणुकीचा ठराव नीट वाचावा, त्या कारखान्यात कंत्राटी कामगार किती आहेत हे विचारावे, आणि मग मत द्यावे. शेजाऱ्याजवळ त्याच कंपनीचे भाग असतील तर त्यालाही सांगावे. पहिल्या वर्षी ठराव पडणार नाही, हे आम्ही आजच सांगून ठेवतो. दुसऱ्या वर्षी प्रश्न पुन्हा विचारावा, आणि उत्तर लेखी मागावे.